अक्रोडाएवढी भीड

माझे मेव्हणे इनायत आगा आजारी पडायच्या आधी इस्फहानच्या अख्ख्या बाजारात सगळ्यात भिडस्त गृहस्थ म्हणून ओळखले जायचे, आणि इस्फहानमध्ये हा लौकिक मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. एकदा ते आणि त्यांचे शेजारी हाजी रजबअली न्हाव्याच्या दारात समोरासमोर आले. "आधी तुम्ही," "छे, आधी तुम्ही," असं दोघांचं इतका वेळ चाललं की न्हाव्याने आत जेवून घेतलं आणि दुकान बंद करून तो मागच्या दाराने घरी गेला. दोघंही दाढी न करता परतले. परतताना गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तेच.

बाजारात इनायत आगांचं मिठाईचं दुकान, आणि त्याला चिकटून माझं सुक्या मेव्याचं. ते पिस्ते घातलेली पांढरी गझ विकायचे, मी अक्रोड, बदाम आणि तेच पिस्ते. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला भिंतीतून ऐकू यायचं. गिऱ्हाइकाने भाव विचारला की आधी "तुमच्यापुढे या मिठाईची काय मातब्बरी, तशीच घेऊन जा." गिऱ्हाईक नाही म्हणणार, हे पुन्हा म्हणणार, गिऱ्हाईक पुन्हा नाही म्हणणार, आणि मग भाव सांगितला जायचा, जो ऐकून गिऱ्हाइकाला दरदरून घाम फुटायचा. प्रत्येकाला निरोप देताना "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो." हे ते सकाळी घरातून निघताना माझ्या बहिणीला म्हणायचे, मग नान भाजणाऱ्याला, मग बँकेतल्या कारकुनाला, मग चुकून लागलेल्या फोनवरच्या परक्या माणसालाही. दुपारपर्यंत त्यांचा जीव निम्म्या शहरावरून ओवाळून झालेला असायचा.

माझी बहीण फख्री मात्र ते वाक्य फक्त आपलंच आहे असं धरून चालायची. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, तरी ते कानावर पडलं की ती ओढणी सारखी करायची.

आणि एक होती खरपूड. भाताच्या तळाला केशर-तुपात भाजून सोन्यासारखी होते ती. माझी बायको गेल्यापासून दर शुक्रवारी दुपारी मी बहिणीकडे जेवतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फख्री खरपूड नवऱ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "तुम्हीच घ्या, मला नको." ते म्हणायचे, "तू घे." ती म्हणायची, "मला आवडतच नाही." ते तिसऱ्यांदा आग्रह करायचे, आणि मग अर्धी अर्धी व्हायची. मला सगळ्यात शेवटी विचारत, तोवर काही उरलेलं नसायचं. पण ते जाऊ दे.

इनायत आगांना झटका आला तो दुकानात, मिठाई तोलताना. हातातलं माप खाली पडलं, आणि पाठोपाठ तेही. पण माणूस दणकट. काही दिवसांत दवाखान्यात उठून बसले, चालू लागले, बोलू लागले, नातेवाइकांची नावं, कोणाचा कोणाशी अबोला आहे, सगळं आठवत होतं. आम्ही देवाचे आभार मानले. घरी सोडताना डॉक्टर पर्तवी रीतीप्रमाणे म्हणाले, "दवाखाना तुमचाच आहे, पुन्हा या."

"नको," इनायत आगा म्हणाले. "जेवण बेचव असतं. आणि तुमच्या तोंडाला कांद्याचा वास येतो."

गोळ्यांची गुंगी असेल, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

घरी समाचाराला पाहुणे आले. फख्रीने चहा आणला, शेजारी गझ, काकड्या, जर्दाळू. पाहुणे म्हणाले, "नको, नको, कशाला त्रास." इनायत आगांनी मान डोलावली. "फख्री, नको म्हणतायत. आत ने." आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून सगळे वाट बघत बसले. कोणी विचारलं नाही. तासभर कोरड्या घशाने त्यांनी प्रकृतीची चौकशी केली. जाताना सगळ्यात वडीलधारा म्हणाला, "आम्ही तुम्हाला फार तसदी दिली."

"हो," इनायत आगा म्हणाले. "मला मघापासून झोप येत होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी उलटे आकडे म्हणायला लावले, महिन्यांची नावं विचारली, चित्रं दाखवली. सगळं बरोबर. मग डॉक्टरांनी विचारलं, "कोणाच्या घरी गेलात आणि चहा आला, तर काय म्हणावं?"

"दोनदा नको म्हणावं, तिसऱ्यांदा घ्यावा," इनायत आगा शाळेतल्या पोरासारखं धडाधड म्हणाले. "आणि घेताना, तुमच्या हातांना कधी कष्ट न पडोत, असं म्हणावं."

"उत्तम. बरं, माझा हा चहा घेता का?"

"घेतो," म्हणाले, आणि डॉक्टरांचा अर्धा उष्टा पेला एका दमात संपवला.

डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोची काळी फिल्म उजेडाला लावली आणि कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर एका करड्या डागावर बोट ठेवलं. "नस फुटली आणि एवढ्या भागाला रक्त मिळालं नाही. बोलण्याची जागा डावीकडे आहे, ती ठणठणीत. आठवणींची जागा खोल आत आहे, ती शाबूत. भीतीची जागा बदामाएवढी असते, तिलाही धक्का नाही. गेला तो फक्त हा अक्रोडाएवढा तुकडा."

"आणि इथे काय असतं?"

"पहारेकरी. मनात आलेलं पहिलं वाक्य जिभेवर यायच्या आधी 'थांब, समोरच्याला काय वाटेल' असं म्हणणारा. रीत काय आहे हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. पण वेळेवर ती आठवून देणारं कोणी आत उरलेलं नाही. दुसरा म्हणतो ते त्यांना शब्दशः खरं वाटतं, आणि स्वतःला वाटतं ते ते बोलून टाकतात. खोटं बोलायला दुसरं वाक्य लागतं हो, आणि यांचं पहिलंच बाहेर पडतं."

मी जन्मभर अक्रोड-बदाम विकले. कवटीतही आमचाच माल निघेल अशी कल्पना नव्हती. आणि मला रागही आला, खरं सांगतो. माझे वडील सांगायचे की भिडस्तपणा रक्तातून येतो, खानदानातून येतो, आमच्या घराण्याला तो सात पिढ्यांचा आहे. आता हा माणूस सांगतोय की तो मेंदूच्या एका कोपऱ्यात राहतो, आणि केसाएवढी नस फुटली की सात पिढ्या एका मिनिटात गुंडाळल्या जातात. त्या अर्थाने आमचं अख्खं शहर एका अक्रोडावर उभं आहे. मी हे डॉक्टरांना बोलणार होतो, पण भीड पडली.

बाहेर पडताना फख्री मागे राहिली. तिने डॉक्टरांना हळूच काहीतरी विचारलं. वाटेत मी खोदून खोदून विचारल्यावर तिने सांगितलं.

"मी विचारलं, दादाश, की ते रोज सकाळी मला जे म्हणायचे ना, तेही त्याच तुकड्यात होतं का? कारण आल्यापासून एकदाही म्हणाले नाहीत. आणि खरपूड. मी 'तुम्हीच घ्या' म्हटलं तर सगळी खाऊन टाकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, माया काही एका खोलीत राहत नाही खानम, सगळ्या घरात मिळून राहते, काळजी करू नका."

"मग झालं तर."

"काय झालं? डॉक्टरांचा अक्रोड जागेवर आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील." तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. "म्हणजे तीस वर्षं माझ्या संसारात होतं ते एवढंच का रे? हाजी रजबअलींना दारात 'आधी तुम्ही' म्हणायचं, आणि मला खरपूड द्यायची. एकाच डब्यातलं?"

"त्यांनाच विचार. आता खोटं बोलायची सोय नाही त्यांना."

"म्हणून तर विचारवत नाही," फख्री म्हणाली.

मला तिची फार कीव आली. अख्ख्या शहरात ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच माणूस उरला होता, तो तिच्याच घरात होता, आणि त्यालाच विचारायची तिला धास्ती. आता तो चुकून खरं सांगेल!

इकडे दुकानात निराळीच तऱ्हा. "मिठाई ताजी आहे ना, इनायत आगा?" "नाही. ताजी उद्या येईल." "पिस्ते भरपूर घातलेत ना?" "डब्यावरच्या चित्रात दिसतात तेवढे नाहीत." एक बाई म्हणाल्या की मी जरा बारीक झालेय, म्हणून आता मिठाई खाल्ली तर चालेल. भिंतीपलीकडे मी कपाळाला हात लावला, कारण उत्तर काय येणार हे मला माहीत होतं, आणि आलंच. त्या बाई माझ्या दुकानात येऊन रडल्या आणि बदाम घेऊन गेल्या. पहिले काही आठवडे सगळी गिऱ्हाइकं रुसून माझ्याकडे वळली. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की इनायत आगा "आज ताजी आहे" म्हणाले तर ती ताजीच असते, आणि त्यांच्या दारात रांगा लागू लागल्या. लगेच समोरचा मिठाईवालाही गिऱ्हाइकांना उद्धटपणे बोलू लागला. त्याची मिठाई मात्र होती तशीच शिळी.

पण खरा गोंधळ झाला तो हाजी रजबअलींच्या कनारी पक्ष्याचा.

हाजी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे, आणि त्या पिवळ्या पक्ष्यावर त्यांचा जीव. त्याला अंड्याचा बलक भरवायचे. एका सकाळी इनायत आगा त्यांची शिडी परत द्यायला गेले आणि पक्षी गात होता. "काय सुरेख गातो हो," इनायत आगा म्हणाले.

आता असं कोणी म्हटलं की इस्फहानचा माणूस काय म्हणणार? हाजी म्हणाले, "तुमच्याहून का जास्त आहे? तुम्हालाच अर्पण!"

"खरंच? मेहेरबानी," म्हणत इनायत आगांनी पिंजरा खुंटीवरून काढला.

हाजींचा चेहरा पांढरा पडला, असं समोरच्या खिडकीतून पाहणारे सांगतात. पण तोंड त्यांच्या ताब्यात नव्हतं. त्यांचा अक्रोड जोरात चालू होता. "पिंजऱ्याचं हे फडकंही घ्या," ते म्हणाले. "आणि हे दाणे. रात्री झाकायला विसरू नका हं," आणि फाटक स्वतः उघडून धरलं.

त्यानंतर हाजी रोज इनायत आगांच्या घरी येऊन बसू लागले. पिंजऱ्यासमोर. "वा! काय गातो!" असं म्हणायचे आणि आशेने इनायत आगांच्या तोंडाकडे बघायचे. रीतीप्रमाणे आता इनायत आगांनी "तुम्हालाच अर्पण" म्हणायला हवं होतं.

"हो ना," इनायत आगा म्हणायचे. "तुमच्याकडे होता त्यापेक्षा इथे मोकळा गातो."

हाजी खंगत चालले. फख्रीला ते बघवेना. एक दिवस ती स्वतः पिंजरा घेऊन त्यांच्या दारात गेली. हाजींचे डोळे भरून आले, पण ते म्हणाले, "छे छे खानम, दिलेली वस्तू कोणी परत घेतं का?" फख्री म्हणाली, "घ्याच." हाजी म्हणाले, "शक्यच नाही." आता फख्री तिसऱ्यांदा म्हणणार आणि हाजी हात पुढे करणार, एवढ्यात मागून इनायत आगा आले. "दोनदा नाही म्हणालेत ना ते. कशाला त्यांच्या मागे लागतेस?" आणि पिंजरा उचलून घरी घेऊन गेले. हाजींचे हात अर्धवट पुढे आलेले तसेच राहिले.

शेवटी एका दुपारी, मी तिथेच होतो, हाजी नेहमीसारखे येऊन बसले. पक्षी गायला लागला. हाजींची मान लाल झाली, आणि ते एकदम उभे राहून ओरडले, "इनायत आगा, माझा पक्षी मला परत द्या! मला हवाय तो! मी तो तुम्हाला दिलाच नव्हता, नुसतं म्हणालो होतो!"

गल्लीतली दोन-तीन दारं उघडली. एवढ्या वयात हाजींनी काही मागितल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मला तर वाटलं, आता यांनाही झटका येतो.

"मग घेऊन जा ना," इनायत आगा म्हणाले आणि पिंजरा त्यांच्या हातात दिला. "हवा होता तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? बिचाऱ्याला उगाच इकडून तिकडे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. हाजी मटकन खाली बसले. फख्रीने चहा विचारला, तर त्यांनी पहिल्याच विचारण्याला घेतला, आणि वर जर्दाळूही मागितले. पिंजरा छातीशी धरून ते घरी गेले, तेव्हा ते तरुण दिसत होते.

फख्री स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "दादाश, शुक्रवारी विचारते मी."

शुक्रवारी मी गेलो. तिने फरशीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला, भाताचं पातेलं परातीत पालथं केलं. खरपूड अखंड निघाली, कडेला जरा लालसर, अगदी हवी तशी. फख्रीने ती मधोमध ठेवली. "तुम्हीच घ्या" म्हणाली नाही. इनायत आगांनी हात पुढे केला, तेव्हा तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"थांबा. आधी एक सांगा. आजाराच्या आधी रोज सकाळी मला म्हणायचात ना, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतो म्हणून. ते मनापासून होतं का?"

इनायत आगांनी विचारही केला नाही. "नाही."

मी भातात चमचा रोवून बसलो. वाटलं, उठून जावं.

"तोंडाची सवय," ते म्हणाले. "बँकेतल्या कारकुनालाही म्हणायचो. तुला म्हणताना बहुतेक वेळा माझं लक्ष बुटांच्या नाड्यांकडे असायचं."

फख्रीचा चेहरा उतरला. मी माझ्या बहिणीला आईच्या मातीलाही अशी बसलेली पाहिलं नव्हतं. तिने हात मागे घेतला. मग खरपुडीकडे बोट करून तिने विचारलं, "आणि ही? ही अर्धी मला द्यायचात, तीही सवयच?"

"ही?" इनायत आगांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "हिची कसली सवय होणार? जगात मला सगळ्यात जास्त हीच आवडते. अर्धी तोडून द्यायची म्हणजे दर वेळी जिवावर यायचं माझ्या. तू दोनदा नको म्हणालीस की वाटायचं, आता तिसऱ्यांदा विचारू नये. गप्प बसावं आणि सगळी खावी."

"मग विचारायचात कशाला?"

"तू पहिला तुकडा तोंडात घातलास ना, की डोळे मिटतेस आणि मान जरा वाकडी करतेस. ते बघायचं असायचं."

माझ्या दुकानातल्या सगळ्या गोणींत मिळून एवढा ऐवज नव्हता.

"मग आता का देत नाही?" फख्रीने विचारलं. तिचे डोळे वाहत होते.

"तू नको म्हणतेस," इनायत आगा म्हणाले. "आवडत नाही म्हणतेस. आणि मग माझ्याकडे पाठ करून भांडी घासत बसतेस. मी काय समजायचं? हवी असेल तर हवी म्हण ना, फख्री."

माझ्या बहिणीने जन्मात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आमच्या बापाकडेसुद्धा नाही. तिने ओढणीने नाक पुसलं.

"हवी," ती म्हणाली.

"अर्धी?"

"अर्धी. मोठी अर्धी."

इनायत आगांनी खरपूड तोडली. दोन्ही तुकडे नीट निरखले, मोठा कुठला ते बघून एक सुस्कारा सोडला आणि तो तिला दिला. आपला तुकडा हातात तसाच धरून ते बसून राहिले. तिने घास घेतला, डोळे मिटले, मान जरा वाकडी केली. ते बघून झाल्यावर ते खायला लागले.

मग फख्रीला माझी आठवण झाली. "दादाश, तुला देऊ थोडी?"

"छे छे, नको," मी म्हणालो. "तुम्ही खा, माझं पोट भरलंय."

"बरं," फख्री म्हणाली.

आणि मी पांढरा भात खात, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलो. ते दोघं कुरुम कुरुम आवाज करत शेवटच्या कणापर्यंत खात होते, आणि माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.